बावटे मागवण्याआधी एवढं वाचा

जहाजांच्या इशाऱ्याच्या बावट्यांत दर इंग्रजी अक्षराचा एक बावटा असतो. फोनवर नुसतं "एक बी पाठवा" म्हणू नका. काउंटरवर पाटी लावून झाली, तरी आठवड्यातून एकदा घोळ होतोच, म्हणून हा कागद.

इथे मुंबईच्या दारूखाना भागातल्या ग्राइंडरच्या आवाजात बी, डी, ई, जी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात. मागे एकांनी घाईत बी मागवला, आमच्या पोराने डी बांधून दिला. बी म्हणजे लाल, टोकाला खाच असलेला. जहाजावर धोकादायक माल आहे किंवा तो चढतोय-उतरतोय असं सांगणारा. डी पिवळा-निळा-पिवळा आडवा: "माझ्यापासून लांब राहा, जहाज वळवायला जड जातंय." पुडकं थेट भाऊच्या धक्क्यावर उघडलं, लाँच सुटायच्या बेतात. टॅक्सीचं भाडं बावट्याच्या किमतीवर गेलं आणि बोलणी आम्ही खाल्ली.

तेव्हा बीला ब्राव्हो, डीला डेल्टा, पीला पापा, टीला टँगो असं अक्षराचं पूर्ण नाव घ्या. व्हॉट्सॲपवर नाव, माप आणि नग लिहून पाठवलेत तर उत्तमच. रंग सांगूनही भागत नाही. "पिवळा-निळा द्या" म्हटलंत तर आम्ही विचारणारच: आडवे पट्टे म्हणजे डेल्टा, उभे सहा पट्टे म्हणजे गोल्फ (जहाजाला वाट दाखवणारा पायलट हवा आहे), दोनच उभे भाग म्हणजे किलो. उलट विचारलं की काही जण चिडतात. चिडा, पण सांगा.

"तीन नंबरचा बावटा" मागणाऱ्यांसाठी: वादळाच्या इशाऱ्याला बंदरात जे चढवतात ते दिवसा शंकू-नळकांड्यांचे आकार असतात आणि रात्री दिवे. आमच्याकडे मिळतो तो तीन आकड्याचा लाल-पांढरा-निळा पेनंट, म्हणजे टोकाकडे निमुळता बावटा. त्याचा वादळाशी संबंध नाही.

पूर्ण सेट ४० नगांचा: २६ अक्षरं, १० आकडे, ३ सब्स्टिट्यूट (वरचा बावटा पुन्हा वाचायला लावणारे तिकोनी), १ आन्सरिंग पेनंट (समोरच्याचा इशारा कळला असं सांगणारा). "ते तीन तिकोनी काढा, भाव कमी करा" असं बरेच जण म्हणतात. आम्ही काढत नाही. सेटमध्ये दोनाचा पेनंट एकच असतो. २२ दाखवायचे तर दोनाखाली पहिला सब्स्टिट्यूट लावतात, तो वरचाच पेनंट पुन्हा वाचायला लावतो. तो नसेल तर दुसरा सेट घ्यावा लागेल. आम्हाला चालेल, तुम्हाला परवडणार नाही.

आमचे बावटे छापील नाहीत. तुकडे जोडून शिवलेले, दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, म्हणून चार पैसे जास्त. वाऱ्यात फडफडणारी मोकळी कड आधी फाटते. तेवढ्यासाठी नवा घेऊ नका, गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून आणा. कड बदलून देतो. पावसाळ्याआधी मात्र गर्दी असते, मे संपायच्या आत या.