कुंगफू विनोदपट

कुंगफू विनोदपट : चिनी युद्धकलांवर आधारलेली झुंज आणि विनोद यांचा मेळ घालणारा चित्रपटप्रकार. हाँगकाँगमध्ये तो १९७० नंतरच्या दशकात आकाराला आला व साधारणपणे १९९५ पर्यंत भरात होता. देमार चित्रपटात हशा पिकवणारे एखादे दुय्यम पात्र आणून सोडले म्हणजे हा प्रकार सिद्ध होत नाही. तशी पात्रे त्याआधीच्या युद्धकलापटांतही आहेत. येथे विनोद झुंजीतूनच उपजतो. ठोसा चुकवायला गेलेला नायक बाकावरून घसरतो, घसरताना त्याचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीला लागतो, आणि याला कौशल्य म्हणावे की फजिती हे प्रेक्षकाला ठरवता येण्यापूर्वीच पुढची लाथ आलेली असते.

‘गोंगफू’ या चिनी शब्दाचा मूळ अर्थ दीर्घ परिश्रमाने अंगी बाणलेले कौशल्य असा आहे. उत्तम सुलेखनकार वा बल्लवाचार्य यांच्याविषयीही तो वापरतात. युद्धकला हा त्याचा अर्थ तुलनेने अलीकडचा, आणि जगभर तो रूढ होण्यास हाँगकाँगचे चित्रपटच मुख्यतः कारणीभूत झाले. तथापि प्रस्तुत चित्रपटप्रकार समजून घेताना जुना अर्थच अधिक उपयोगी पडतो.

उगमाचा वाद : पहिला कुंगफू विनोदपट कोणता, याविषयी एकमत नाही. शॉ ब्रदर्स या निर्मितिसंस्थेच्या द स्पिरिच्युअल बॉक्सर (१९७५) या चित्रपटाला हा मान अनेक अभ्यासक देतात. अंगात दैवत संचारून शरीर अभेद्य झाल्याची बतावणी करणारा एक लबाड तरुण त्यात नायक आहे. १९०० च्या सुमारास चीनमध्ये झालेल्या बॉक्सर उठावातील अशाच समजुतींचा धागा त्यामागे आहे. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग यांचे वडील लाउ चाम हे लाम साइ-विंग यांचे शिष्य, आणि लाम साइ-विंग हे विख्यात युद्धकलागुरू वाँग फेइ-हुंग यांचे. म्हणजे युद्धकलेतील भोंदूगिरीची पहिली मोठी थट्टा एका अस्सल परंपरेच्या वारसदाराने केली, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरे मत मायकेल हुई यांच्या विनोदपटांना महत्त्व देते. १९७२ च्या सुमारास हाँगकाँगमध्ये मँडरिन भाषेतील चित्रपटांनी कँटनीज बोलीच्या चित्रपटांना जवळजवळ नामशेष केले होते. १९७३ नंतर कँटनीज चित्रपट पुन्हा उभा राहिला, तो प्रामुख्याने शहरी, चावऱ्या विनोदाच्या बळावर. हुई यांच्या द प्रायव्हेट आइज (१९७६) या चित्रपटात स्वयंपाकघरातील एक झटापट असून तीत सॉसेजची माळ साखळीदांड्यासारखी गरगर फिरवली जाते. साखळीदांडा हे ब्रूस ली यांचे ओळखीचे शस्त्र होते व त्यांच्या निधनाला (२० जुलै १९७३) तेव्हा तीनच वर्षे झाली होती. हे साहसदृश्य सॅमो हंग यांनी बसवले होते. मात्र हुई यांचा विनोद मूलतः संवादांचा, कंजूष मालक व पिचलेला नोकर यांच्यातील कुरघोडीचा आहे. झुंज त्यात पाहुणी म्हणून येते. त्यामुळे हा चित्रपट पूर्वसूरी मानणे अधिक योग्य होय.

तिसरा व सर्वाधिक प्रचलित पक्ष १९७८ हे वर्ष धरतो. त्या वर्षी युएन वू-पिंग दिग्दर्शित स्नेक इन द ईगल्स शॅडो व ड्रंकन मास्टर हे दोन चित्रपट पाठोपाठ आले. दोहोंचा नायक जॅकी चॅन. निर्माते लो वेइ यांनी त्यापूर्वी चॅन यांना ब्रूस ली यांच्या साच्यात बसवण्याचा खटाटोप केला होता. ‘ड्रॅगन बनलेला’ अशा अर्थाचे सिंग लुंग हे त्यांचे चिनी पडद्यानामही याच काळातील. तो खटाटोप फसल्यावर त्यांना दुसऱ्या संस्थेकडे उसने देण्यात आले आणि तेथे ते चमकले. कालानुक्रमाचा मान १९७५ च्या चित्रपटाकडे जात असला, तरी पुढे शेकडो निर्मात्यांनी गिरवलेला कित्ता १९७८ चाच आहे.

या कित्त्यातील खोडसाळपणा आज सहजी ध्यानात येत नाही. वाँग फेइ-हुंग (सु. १८४७–१९२५) हे कँटन परिसरातील वैद्य व युद्धकलागुरू. १९४९ पासून क्वान ताक-हिंग या नटाने सत्तरहून अधिक चित्रपटांत त्यांची भूमिका केली. संयमी, वडिलधारा, शिष्यांना कन्फ्यूशियसच्या वळणाचे नीतिपाठ देणारा गुरू अशी त्यांची प्रतिमा त्यामुळे घरोघरी रुजली होती. ड्रंकन मास्टर मध्ये हेच वाँग मारामाऱ्या करणारे, टवाळ, बापाची बोलणी खाणारे पोर म्हणून अवतरले. पूज्य पुरुषाचे उनाड बालपण दाखवण्याची ही युक्ती हाँगकाँगच्या प्रेक्षकांना किती गुदगुल्या करून गेली असेल, याची कल्पना बाहेरच्या प्रेक्षकाला उपशीर्षके वाचून येत नाही.

नाट्यपरंपरेशी संबंध : पाश्चात्त्य समीक्षेत या चित्रपटांचे मूळ बस्टर कीटन, हॅरल्ड लॉइड व चार्ली चॅप्लिन यांच्या मूकपटांत शोधण्याची प्रथा आहे. प्रोजेक्ट ए (१९८३) मध्ये चॅन घड्याळाच्या मनोऱ्याला लोंबकळून खाली पडतात, तो प्रसंग लॉइड यांच्या १९२३ च्या मूकपटाला उघडच मुजरा आहे. त्याच चित्रपटाच्या दुसऱ्या भागात (१९८७) नायकाच्या अंगावर आख्खी भिंत कोसळते व तो नेमका मोकळ्या जागेत उभा राहतो, हे कीटन यांच्याकडून घेतलेले. परंतु ही देवघेव हा प्रकार स्थिरावल्यानंतरची आहे. त्याची मुळे पीकिंग ऑपेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिनी संगीतनाट्यात आहेत, असे मानण्यास अधिक आधार दिसतो.

या नाट्यात ‘चोउ’ म्हणजे विदूषक ही एक प्रमुख भूमिकाकोटी असून तिची ‘वुचोउ’ ही शाखा लढवय्या विदूषकाची आहे. नाकाभोवती पांढरा ठिपका रंगवलेला हा नट कोलांट्या, उड्या व शस्त्रयुद्ध यांत इतर पात्रांच्या तोडीस तोड असतो, शिवाय वेळेची नस पकडून हसवतो. सान्चाकोउ (तिठा) या प्रसिद्ध प्रवेशात एका खाणावळीत दोन पुरुष काळोखात लढतात. रंगमंच पूर्ण उजळलेला असतो. दोघे परस्परांपासून वीतभर अंतरावर चाचपडतात, तलवार नाकासमोरून सपकन जाते, आणि त्यांना न दिसणारे सर्व काही प्रेक्षकाला दिसत असते. खाणावळवाला हे वुचोउचे पात्र आहे. जुन्या पाठात तो खलपुरुष होता. १९४९ नंतरच्या पाठात तो सज्जन झाला आणि सारी झुंज गैरसमजाची ठरली. दोन शरीरांमधील वीतभर अंतर हाच ताण व तोच विनोद, हे या प्रवेशाचे सूत्र कुंगफू विनोदपटांनी जसेच्या तसे उचललेले दिसते.

ही विद्या चित्रपटापर्यंत पोहोचली ती माणसांमार्फत. हाँगकाँगमधील चायना ड्रामा अकॅडमी या शाळेत यु जिम-युएन हे गुरू मुलांना करारावर ठेवून घेत आणि पहाटेपासून कसरत, गायन व शस्त्रविद्या घोटून घेत. शिक्षा कठोर असे. शाळेच्या ‘सात लहान भाग्यवंत’ या पथकात सॅमो हंग, जॅकी चॅन, युएन बिआओ, कोरी युएन, युएन वाह इत्यादी होते. पथकात मुलांची अदलाबदल होत असल्याने सातांची निश्चित यादी देता येत नाही. नावातील ‘युएन’ हे अक्षर गुरूच्या नावातून घेतलेले आहे. दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचे आडनाव वेगळे असून वेगळ्या चिनी चिन्हाने लिहितात. भाषांतरित लेखनात हा घोटाळा वारंवार आढळतो. १९६० नंतर संगीतनाट्याचा प्रेक्षक आटला, तसे हे विद्यार्थी चित्रपटनिर्मितीकडे, म्हणजे पडद्यावर मार खाण्याच्या कामाकडे वळले. अशा कलावंतांना ‘ड्रॅगन-वाघ गुरू’ असे भारदस्त नाव होते, मोबदला मात्र तेवढा भारदस्त नव्हता.

मद्यपी मुष्टियुद्ध : झिंगलेल्या माणसाप्रमाणे झोकांड्या खात लढण्याची ही शैली (चिनी त्सुईछ्वान) या चित्रपटांमुळे जगप्रसिद्ध झाली. तिचा उगम संदिग्ध आहे. शाओलिन मठातील एका मद्यासक्त भिक्षूची कथा सांगितली जाते, पण तिला दंतकथेपलीकडे महत्त्व देता येत नाही. दाओ पंथातील आठ अमर सिद्धांशी या शैलीचे नाते जोडणारी परंपरा बरीच जुनी असावी. वाङ्मयात शुइहू च्वान या कादंबरीतील वू सोंग हा वीर भरपूर पिऊन वाघाला ठार करतो आणि पुढे एका द्वंद्वाआधीही ठरवून पितो. झिंग आणि पराक्रम यांची सांगड लोकमनात रुजण्यास ही कथा पुरेशी होती. प्रत्यक्ष शैलीत मद्य लागत नाही. पडताना तोल सांभाळण्याची, कंबर व घोटे लवचिक ठेवण्याची ती कसोटी आहे, आणि आधुनिक वूशू (चिनी युद्धकलांचा क्रीडाप्रकार) स्पर्धांत ती शुद्धीवर राहूनच सादर करतात. चित्रपटांनी हे उलटे केले: नायक जितका प्यायला तितका अजिंक्य. ड्रंकन मास्टर मधील वृद्ध गुरूची भूमिका युएन सिउ-तिएन यांनी केली. ते दिग्दर्शक युएन वू-पिंग यांचे वडील आणि स्वतः जुने नाट्यकलावंत. १९९४ च्या दुसऱ्या भागाच्या वेळी दिग्दर्शक लाउ कार-लेउंग व चॅन यांच्यात झुंजीच्या शैलीवरून मतभेद झाले आणि अखेरची झुंज चॅन यांनी स्वतः चित्रित केली. तीत नायक कारखान्यातील औद्योगिक अल्कोहोल पितो, यावरून परंपरानिष्ठ गुरूची अडचण समजू शकते.

आकर्षणाची कारणे : ब्रूस ली यांचा नायक पहिल्या दृश्यापासून श्रेष्ठ असतो, प्रश्न फक्त तो केव्हा संतापेल एवढाच. कुंगफू विनोदपटाचा नायक आधी भरपूर मार खातो. मग त्याला एखादा विक्षिप्त म्हातारा भेटतो व शिक्षणाच्या नावाखाली त्याचे हाल करतो. ड्रंकन मास्टर मध्ये नायकाला उलटे टांगून खालच्या बादलीतील पाणी चिमुकल्या पेल्यांनी वरच्या बादलीत भरायला लावतात. प्रेक्षक हसतो, पण चॅन यांच्या पोटाचे स्नायू खरोखर ताणलेले दिसतात; तेथे बनवाबनवीला जागाच नाही. शेवटच्या झुंजीत नायकाला आठवा डाव येत नसतो, कारण तो बायकी म्हणून त्याने शिकायचा टाळलेला असतो. मग तो नखरे करत तो डाव ऐन वेळी रचतो आणि जिंकतो. आळसाची शिक्षा आणि आळशाची हुशारी या दोन्ही गोष्टींचे समाधान एकाच प्रसंगात मिळते.

दुसरे कारण चित्रणपद्धतीत आहे. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी हाँगकाँगच्या झुंजीत स्तब्धता, उसळी, पुन्हा स्तब्धता अशी लय दाखवून दिली आहे. तीही नाट्यातील आविर्भाव घेऊन क्षणभर थिजण्याच्या रीतीशी जुळते. कॅमेरा बराच मागे, शरीर डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत, आणि फटका मारणारा व खाणारा दोघे एकाच चित्रात. कोणी कोणाला कुठे मारले हे क्षणभरही गढूळ होत नाही. विनोदाला अशी स्पष्टता अनिवार्य असते. फजिती दिसलीच नाही तर हसणार कशाला? अर्थात येथेही हातचलाखी आहे. सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा २० चौकटी चित्रित करून पडद्यावरची गती वाढवण्याचा प्रघात सर्रास होता.

तिसरे, वस्तूंचा उपयोग. बाक, शिडी, खुर्ची, छत्री, भांडीकुंडी यांचे शस्त्र होते. यात निव्वळ कल्पनाविलास नाही: दक्षिण चीनमधील युद्धपरंपरांत बाकाने लढण्याचे डाव खरोखरच शिकवले जातात. मात्र चित्रपटातील वस्तू नायकाच्या कह्यात असतेच असे नाही. शिडी त्याला वाचवते, पुढच्या क्षणी तिच्यातच त्याचे डोके अडकते.

आणि वेदना. पोलीस स्टोरी (१९८५) मध्ये चॅन विक्री-संकुलातील दिव्यांनी मढवलेल्या खांबावरून घसरत खाली येतात. त्यात त्यांचे हात भाजले. १९८६ मध्ये युगोस्लाव्हियातील चित्रीकरणात झाडावरून पडून त्यांच्या कवटीला तडा गेला. चित्रपटाच्या शेवटी चुकलेली, फसलेली, रक्ताळलेली दृश्ये श्रेयनामावलीबरोबर दाखवण्याची प्रथा त्यांनी रूढ केली. ती कल्पना त्यांना १९८१ मधील एका अमेरिकन चित्रपटात काम करताना मिळाली; अमेरिकेत ती दृश्ये नटांची जीभ अडखळण्याची असत, हाँगकाँगमध्ये ती रुग्णवाहिकेची झाली. प्रेक्षक त्यांच्यासाठी उठून न जाता बसून राहू लागले. घडीव विनोदाच्या शेवटी त्याची किंमत दाखवणे हे तंत्र अन्य कोणत्याही विनोदप्रकारात इतक्या सातत्याने आढळत नाही.

विस्तार व उत्तरकाळ : १९८० नंतर कथा जुन्या चीनमधून आधुनिक शहरात आल्या. सॅमो हंग यांनी भुताखेतांची जोड देऊन उपप्रकार घडवला. त्यांनी निर्मिलेल्या मिस्टर व्हँपायर (१९८५) पासून ताठ उड्या मारत चालणाऱ्या चिनी प्रेतांची लाटच आली. स्थूल देहाचा चपळ माणूस हा हंग यांच्या स्वतःच्या अभिनयाचा गाभा. स्त्रीप्रधान चित्रपट थोडे; त्यांपैकी माय यंग आंटी (१९८१) साठी कारा हुई यांना पहिल्या हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला.

१९९० च्या दशकात स्टीफन चाउ यांचा असंबद्ध, कँटनीज शब्दच्छलाने भरलेला विनोद लोकप्रिय झाला, आणि चॅन अमेरिकेत गेले. रश अवर (१९९८) ला मोठे यश लाभले, परंतु तेथील विमा व वेळापत्रक यांच्या चौकटीत एकेका झुंजीवर आठवडेच्या आठवडे घालवण्याची हाँगकाँगची रीत बसली नाही. चाउ यांच्या शाओलिन सॉकर (२००१) व कुंगफू हसल (२००४) मध्ये संगणकनिर्मित दृश्ये मुबलक आहेत. दुसऱ्या चित्रपटातील चाळीची मालकीण व तिचा नवरा या भूमिका युएन च्यू आणि युएन वाह यांनी केल्या असून दोघेही यु जिम-युएन यांच्या शाळेतले. झुंजी बसवण्याचे काम आधी सॅमो हंग आणि नंतर युएन वू-पिंग यांच्याकडे होते. २००८ पासून अमेरिकेत निघालेल्या कुंगफू पांडा या सचेतपटांत लठ्ठ, खादाड शिष्य व कठोर गुरू हा जुना साचा टिकून आहे. शरीर मात्र त्यांत कोणाचेच पणाला लागलेले नाही.