शीर वेगळी निघाली म्हणून पेसमेकर अडत नाही

‘शीर उलटी निघाली, आता पेसमेकर बसत नाही, छातीच उघडावी लागणार’ असं वर्षानुवर्षं बोललं जातं आणि रुग्ण विनाकारण हादरतो. हे खरं नाही.

पेसमेकरची तार शिरेतून हृदयापर्यंत नेतात. वाटेत वेगळी निघणारी शीर बहुतेकदा असते डावी महाशीर, म्हणजे शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी डावीकडची मोठी शीर. गर्भात ती सगळ्यांनाच असते, जन्माआधी मिटते. हजारात तीन ते पाच जणांत तशीच राहते. त्रास काहीच नसल्यानं कळतं ते थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे पडद्यावर पाहत हृदयात तार घालतात त्या खोलीत. कॉलरबोनखालून सरकवलेली तार पडद्यावर उजवीकडे वळत नाही, मणक्याच्या डाव्या कडेनं सरळ खाली जाते आणि कोरोनरी सायनसमधून (हृदयाचं स्वतःचं रक्त गोळा करणारी शीर) हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात उतरते. तिथून खालच्या कप्प्यात शिरायचा कोन अवघड, म्हणून डॉक्टर तारेला भिंतीला टेकवून मोठा वळसा देतात. वेळ लागतो, पण जमतं.

नाहीतर उजव्या बाजूनं जातात. मात्र काहींना उजवी महाशीर नसतेच, म्हणून आधी डाय (एक्स-रेत शीर दिसावी म्हणून सोडायचं औषध) सोडून पाहायलाच हवं. काही रुग्णांना जांघेतून बसवायचा बिनतारेचा पेसमेकरही चालतो. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. छातीच्या शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

अशी शीर आढळली तर डिस्चार्ज कार्डावर नक्की लिहून घ्या. पुढे कधी सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकायची झाली तर ती माहिती लागते.