प्रवासी जेट विमानांचे प्रारूप-क्रमांक

प्रवासी जेट विमानांचे क्रमांक निर्मात्या कंपनीच्या अंतर्गत नोंदवहीतून आणि विक्री विभागाच्या पसंतीतून ठरतात. विमानाच्या वेगाशी वा वजनाशी त्यांचा संबंध क्वचितच असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील बोइंग कंपनीने केवळ लष्करी विमानांवर विसंबून न राहण्याचे ठरवले, तेव्हा तिच्या अभियांत्रिकी विभागाने शंभर-शंभर क्रमांकांचे गट पाडून 300 व 400 हे गट विमानांना, 500 टर्बाइन इंजिनांना, 600 अग्निबाण व क्षेपणास्त्रांना आणि 700 जेट वाहतूक विमानांना दिला. पहिल्या जेट विमानाचे नाव त्यामुळे सरळ 700 झाले असते, पण ते विक्री विभागाला फिके वाटले आणि 707 निवडले गेले. पंखांच्या 45 अंशांच्या मागील कलाची ‘ज्या’ (त्रिकोणमितीतील साइन) म्हणजे 0.707, म्हणून हे नाव पडले, ही कथा आकर्षक असली तरी खोटी आहे, कारण या विमानाच्या पंखांचा कल 35 अंशांचा होता. त्याचे आद्यरूप 1954 मध्ये उडाले, तेही 367-80 या क्रमांकाने. जुन्या मालवाहू विमानाचा 367 हा क्रमांक वापरून प्रतिस्पर्ध्यांपासून नवा प्रकल्प लपवण्याचा तो डाव होता.

पुढे 727, 737, 747 अशी मालिका चालली, तरी ती काटेकोर नव्हती. 717 हा क्रमांक आधी हवेत इंधन भरणाऱ्या लष्करी विमानाकडे गेला आणि 1997 मध्ये मॅक्डॉनेल डग्लस बोइंगमध्ये विलीन झाल्यावर त्या कंपनीच्या एमडी-95 या प्रवासी विमानाला मिळाला. मुख्य क्रमांकानंतरच्या आकड्यांत ग्राहकाचीही ओळख असे. एअर इंडियाचा संकेतांक 37 होता. त्यामुळे 707-437 मधील 4 हा मालिकेचा आणि 37 हा ग्राहकाचा. 1971 मध्ये या कंपनीकडे आलेले पहिले जंबो 747-237बी होते. 787 पासून बोइंगने ही प्रथा सोडली.

युरोपातील एअरबसच्या ए300 मधील 300 हा आकडा मात्र नियोजित आसनसंख्येवरून आला. आराखडा सुमारे 250 आसनांपर्यंत आकसला, तरी नाव टिकले. नंतर दहा-दहाने चढत गेलेली ही मालिका ए340 नंतर थेट ए380 वर गेली, कारण 8 हा आकडा दुमजली विमानाच्या आडव्या छेदासारखा दिसतो आणि काही आशियाई देशांत शुभही मानला जातो. ए350 त्यानंतर अवतरले. एअरबसच्या उपक्रमांकात ग्राहकाऐवजी इंजिन असते: इंडियन एअरलाइन्सच्या ए320-231 मधील 3 हा इंजिन-निर्मात्याचा संकेत आहे.