‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा नियमच नाही

‘पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की त्याचं चिन्ह बदलतं’ हे वर्षानुवर्षं पाठ करून घेतलं जातं. खरं तर पलीकडे काहीच जात नाही. क्ष + ५ = १२ मध्ये दोन्ही बाजूंतून ५ वजा होतात, म्हणून क्ष = ७. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून सारखंच काढलं, इतकंच.

नुसता शॉर्टकट पाठ असला की ३क्ष = १२ ला घोळ होतो. कुणी १२ − ३ करून ९ लिहितं, कुणी −३ ने भागून −४. इथे ३ गुणलेले आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना ३ ने भागायचं: क्ष = ४. सुरुवातीला प्रत्येक ओळीशेजारी ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागून’ असं लिहायला लावावं. वही भरते, भरू द्या. शेवटी उत्तर मूळ समीकरणात घालायचं: ३ × ९ = २७, म्हणजे ९ चूक.