चिपिंग कॅम्पडन: लोकरीच्या पैशावर उभी राहिलेली पेठ

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या या गावात गेलेला माणूस आधी थांबतो तो हमरस्त्यावरच्या कमानींच्या मार्केट हॉलपाशी. खालची फरसबंदी पार झिजून उंचसखल झालेली. ‘इथेच लोकरीचा बाजार भरायचा’ असं बरेच जण समजतात. ते चूक आहे. हा हॉल 1627चा, आणि त्याच्या सावलीत विकलं जायचं ते लोणी, चीज आणि कोंबड्या. लोकरीची चलती त्याच्या कितीतरी आधीची.

‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. आपल्याकडे पेठ वडगाव, तसं हे पेठ कॅम्पडन. बाराव्या शतकात इथे बाजार भरवायची राजाकडून परवानगी मिळाली आणि रस्त्याच्या दुतर्फा दर्शनी बाजूला अरुंद, मागे लांबच लांब असे प्लॉट पाडले गेले. प्रत्येकाला दुकानापुरतं तोंड रस्त्यावर हवं होतं! ती आखणी आजही दिसते.

आसपासच्या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लांब धाग्याची लोकर फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमच्या बाजूचा प्रदेश) आणि इटलीपर्यंत जाई. त्या व्यापारातला मोठी असामी म्हणजे विल्यम ग्रेव्हेल. त्याचं 1380च्या सुमाराचं घर अजून उभं आहे. तो 1401 मध्ये वारला. सेंट जेम्स चर्चमधल्या त्याच्या पितळी स्मृतिपटावर ‘साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांमधलं फूल’ असं लॅटिनमध्ये कोरलंय. कौतुकात हात आखडता घेतलेला नाही.

मार्केट हॉल बांधणारा बॅप्टिस्ट हिक्स मात्र लंडनचा कापडव्यापारी, खुद्द राजाला कर्ज देणारा. त्यानेच 1612 मध्ये गरीब वृद्धांसाठी घरं बांधली. त्याचा स्वतःचा वाडा राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, 1645 साली, राजाच्याच सैन्याने माघार घेताना जाळला.

पुढे लोकरीचा पैसा आटला. जुनं पाडून नवं बांधायची ऐपत उरली नाही, आणि आज ज्याचे फोटो निघतात ते गाव बरंचसं त्यामुळेच टिकलं, असं मला वाटतं.

1902 मध्ये हस्तकलेचा पुरस्कर्ता वास्तुविशारद सी. आर. अ‍ॅशबी लंडनच्या ईस्ट एंडमधून आपले कारागीर बायकामुलांसह इथे घेऊन आला. भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामींनी जवळच्या ब्रॉड कॅम्पडनमध्ये घर केलं, त्या जुन्या वास्तूची दुरुस्ती अ‍ॅशबीचीच. त्याचा गिल्ड, म्हणजे या कारागिरांचा संघ, काही वर्षांतच तोट्यात बुडाला, पण बरेच कारागीर गावातच राहिले. शीप स्ट्रीटवरच्या जुन्या रेशीम गिरणीत त्यांच्यापैकी हार्ट घराण्याचं चांदीकाम अजून चालू आहे.