बीओडीचा आकडा मूळचा ओढ्याचा: पार्श्वभूमी

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, किती असावी याचे मानक मुळात नदी-ओढ्यांच्या पाण्यावरून ठरले, ही गोष्ट आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे. ब्रिटनमध्ये 1876 च्या कायद्याने नदीत मैला सोडण्यास मनाई केली होती. मात्र प्रक्रिया केलेले पाणी पुरेसे स्वच्छ कधी मानावे, याचे माप त्यात नव्हते. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची पद्धत 1888 साली उपलब्ध झाली आणि 1898 साली नेमलेल्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने त्या मोजणीचा आधार घेतला.

कमिशनचा 1912 चा आठवा अहवाल या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. नदीची बीओडी प्रतिलिटर 4 मिलिग्रॅमच्या वर गेली की नदी बिघडू लागते, हे कमिशनने आधी निश्चित केले आणि तेथून मागे हिशेब मांडला: स्वच्छ नदीची बीओडी 2 धरली आणि सांडपाण्याच्या एका भागाला नदीचे आठ भाग पाणी मिळते असे मानले, तर सोडलेल्या पाण्याची बीओडी 20 पर्यंत चालू शकते. निलंबित कणांसाठी 30 ही मर्यादा ठरली. पुढे 20 आणि 30 हे आकडे जगभर गेले. आठपट पाण्याची अट मात्र मागे पडली.

नमुना कोठे घ्यावा, याचे उत्तर अमेरिकेत मिळाले. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून 1925 साली दाखवले की प्राणवायूची पातळी सांडपाणी मिसळते तेथे नव्हे, तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला काही अंतरावर सर्वांत कमी होते. केंद्राच्या तोंडाशी घेतलेल्या एकाच नमुन्यावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

महाराष्ट्राने 1969 साली स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि 1970 साली राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्र सरकारचा कायदा 1974 मध्ये आला. आपल्या उष्ण हवामानाला अनुसरून येथे बीओडीची चाचणी 27 अंश सेल्सिअसला तीन दिवसांची केली जाते. सांडपाणी केंद्रांसाठी 2017 च्या अधिसूचनेने महानगरांत 20 आणि इतरत्र 30 ही मर्यादा घातली, तर राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये ती 10 वर आणण्याचा आदेश दिला.

कमिशनचाच हिशेब येथे लावून पाहण्यासारखा आहे. आंघोळीयोग्य पाण्यासाठी आपल्याकडे बीओडी 3 पेक्षा जास्त चालत नाही. ओढ्याचे मूळ पाणी 2 चे असेल आणि केंद्र 30 चे पाणी सोडत असेल, तर ही पातळी राखण्यासाठी ओढ्यात सत्तावीसपट स्वच्छ पाणी वाहते असावे लागते. केंद्र 10 चे पाणी सोडत असेल, तर सातपट. पावसाळ्यात इतके पाणी असू शकते, परंतु दख्खनच्या पठारावरील अनेक लहान ओढे फाल्गुन-चैत्रात आटतात आणि केंद्राच्या खाली वाहते ते जवळजवळ सगळे प्रक्रिया केलेले सांडपाणीच असते. अशा ठिकाणी बीओडीच्या नोंदीशेजारी वरच्या अंगाचा त्या दिवसाचा प्रवाह लिहिलेला नसेल, तर केंद्राने मर्यादा पाळूनही ओढा का बिघडला, हे त्या नोंदवहीतून कळणार नाही.