हात खुळखुळ्यापर्यंत कसा पोचतो?

पाळण्यावरच्या चिमणाळ्याकडे तीन महिन्यांचं बाळ टक लावून बघतं, हातपाय झाडतं, पण चिमणी काही हाती लागत नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास मात्र तोच हात बरोबर तिथे जाऊन टेकतो.

पूर्वी समजूत अशी होती, की बाळ आधी स्वतःचा हात न्याहाळतं आणि मग हात व वस्तू दोन्हींवर नजर ठेवून अंतर कापतं. अमेरिकेत रेचल क्लिफ्टन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बाळांना काळोख्या खोलीत चमकणारी किंवा आवाज करणारी वस्तू दिली. स्वतःचा हात दिसत नसतानाही बाळांनी ती गाठली, तीही उजेडात ज्या वयात गाठतात साधारण त्याच वयात. म्हणजे आपला हात कुठे आहे, हे बाळाला स्नायू आणि सांध्यांकडूनच कळत होतं.

त्याच वर्षी एस्थर थेलन यांच्या गटाने चार बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सतत हात फेकणाऱ्या बाळांना जोर आवरायला शिकावं लागलं, शांत बाळांना तो लावायला. एकाच वस्तूकडे जाण्याच्या वाटा निराळ्या! सुरुवातीला हात वेडावाकडा जातो, मध्ये अडखळतो, दिशा बदलतो. पुढच्या काही महिन्यांत ही चाल सरळ होत जाते.

यात हाताइतकंच काम खांद्याचं आणि पाठीचं असतं. उताणं पडलेल्या बाळाला हात उचलतानाच गुरुत्वाकर्षणाशी झगडावं लागतं. त्याच बाळाला पाठीला आधार देऊन बसवलं, तर ते जास्त वेळा हात पुढे करतं.

अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची अडचण इथेच असते. गर्भातले शेवटचे आठवडे जागा कमी, म्हणून बाळ अंग मुडपून असतं. लवकर जन्मलेल्या बाळाला तो काळ पुरता मिळत नाही. त्याचे स्नायूही मऊ असतात, त्यामुळे हातपाय पसरून पडतात आणि खांदे मागे ओढले जातात. अशा खांद्यांनी दोन्ही हात छातीसमोर आणणं अवघडच. अतिदक्षता विभागात परिचारिका दुपट्याच्या गुंडाळ्या करून बाळाभोवती घरटं करतात, ते याचसाठी.

घरी आल्यावर मोजमाप चुकतं ते कॅलेंडरमुळे. ३२ आठवड्यांनी जन्मलेलं बाळ पूर्ण ४० आठवड्यांच्या हिशेबाने आठ आठवडे आधी आलेलं असतं. ते सहा महिन्यांचं झालं, तरी हात पुढे करण्याच्या बाबतीत त्याला चारच महिन्यांचं धरायचं. शेजारच्या बाळाशी तुलना करणाऱ्यांना हे एकदा स्पष्ट सांगून टाकावं. (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.) वय असं दुरुस्त केल्यावरही काही बाळांचा हात थोडा हळू जातो, वस्तूजवळ पोचताना जास्त वेळ घेतो.

सरावाने फरक पडतो. अमेरिकेतल्या जिल हीथकॉक यांच्या गटाने २००८ मध्ये ३३ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांच्या पालकांना रोज घरी करायचे हातांचे खेळ शिकवले. ही बाळं इतरांपेक्षा लवकर वस्तूकडे हात नेऊ लागली. बाळ जागं असताना त्याला कुशीवर ठेवावं किंवा मांडीवर टेकवून बसवावं आणि खुळखुळा छातीसमोर, हाताच्या टप्प्यात धरावा. झोपवताना मात्र उताणंच.

बाळ सतत एकाच हाताने वस्तू घेत असेल, दुसऱ्याची मूठ कायम वळलेली असेल, तर वयातून आठवड्यांची वजाबाकी करत थांबू नये. पहिल्या वर्षात डावखुरं-उजवं सहसा ठरत नाही. बालरोगतज्ज्ञांना तो हात दाखवावा.